कारवीचं वर्ष

भादवा अर्धा सरला की आमच्या भागात ऊन आणि पाऊस एकाच दिवसात येऊन जातात. सकाळी खाचरातलं पाणी डोळे दिपवतं, दुपारी मान भाजते आणि चहाच्या वेळेला घाटमाथ्यावरून काळे ढग खाली उतरतात. हळवं भात पिवळं पडायला लागलेलं असतं, उशिरा येणाऱ्या गरव्याच्या लोंब्या अजून हिरव्या असतात. बांधावर तेरडा, उतारावर सोनकी, आणि परड्यात काकडी तर इतकी की शेजाऱ्यांना हाका मारून द्यावी लागते. हे दर वर्षीचं. कारवीचं तसं नाही. कारवी सात-आठ वर्षं नुसती हिरवी उभी असते, माणसाच्या डोक्याच्या वर जाते, कुणी तिच्याकडे बघतही नाही. मग एका पावसाळ्याच्या शेवटी सबंध डोंगर एकदम फुलतो, निळसर जांभळा. आणि फुलून झाली की सगळी कारवी एकदमच वाळून जाते.

यंदा ती पुन्हा फुलली आहे. गेल्या आठवड्यात डोळखांबच्या एसटीत खिडकीशी बसले होते. पुढच्या बाकावरची बाई तिच्या मुलीला म्हणाली, "ते बघ, डोंगराच्या पायथ्याला निळं दिसतंय." मुलगी म्हणाली, "ढगाची सावली असंल." मी घरी आले, भात लावला, मुलांचे डबे घासले, आणि हे सगळं करताना मनाने मी मागच्या कारवीच्या वर्षात होते. तेव्हा माझी पूनम दोन वर्षांची होती, सुरेश जीप चालवायचा आणि मी शनिवार-रविवार मुंबईच्या लोकांना डोंगर दाखवायचे.

मी ठाकराची मुलगी. आमची वाडी शहापूर तालुक्याच्या पार पूर्वेला, सह्याद्रीच्या भिंतीतून खाली उतरलेल्या एका सोंडेवर आहे. ओढ्याकाठी खालची वाडी आणि सोंडेवर आमची वरची वाडी. वाडीतून आश्रमशाळेत गेलेल्या मुली थोड्या, आणि दहावीच्या पुढे शिकलेली मी एकटीच. बाबांना त्याचा अभिमान होता. शहापूरला कॉलेजात जायचे तेव्हा सुट्टीच्या दिवशी परत येताना डोळखांबच्या जीपला लटकून यावं लागायचं. ती जीप सुरेश चालवायचा. तो आमच्याच आश्रमशाळेत माझ्या पुढच्या वर्गात होता. तो कातकरी. त्याचे आईवडील किन्हवलीच्या बाजूला गावाबाहेरच्या वस्तीत राहायचे आणि दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे. शहरात कुणाला सांगितलं की ठाकर आणि कातकरी यांच्यात लग्न होत नाही, तर लोक विचारतात, "म्हणजे? दोघंही आदिवासीच ना?" त्यांना आम्ही सगळे एकच दिसतो. वाडीत तसं नसतं. मी सुरेशशी रजिस्टर लग्न केलं आणि वाडीने माझं येणंजाणं बंद केलं. बाबा वाडीच्या पंचांतले. त्यांनी माझ्यासाठी वेगळा न्याय मागितला नाही. आईने निरोप पाठवला की सुखी राहा, इकडे येऊ नको.

मी आले नाही. शहापूरला भाड्याची खोली घेतली, बालवाडीत काम धरलं, पूनम झाली. मला त्या लग्नाबद्दल कधी पस्तावा झाला नाही. वाईट वाटायचं ते वाटायचं, पण ते वेगळं.

पाटणकर सर शहापूरच्या हायस्कुलातून निवृत्त झाले होते. विज्ञान शिकवायचे. त्यांनी घरात बसायचं नाही असं ठरवलं आणि खोऱ्यांच्या सहली सुरू केल्या. ठाणे, मुलुंड, डोंबिवलीची माणसं आसनगावला उतरायची, तिथून सुरेशच्या जीपने आणि आणखी एका गाडीने पुढे. पहिला दिवस मुरबाडच्या बाजूला, टोकावड्याच्या पुढे, नाणेघाटाखालच्या जंगलात. रात्री मुक्काम एका शाळेत. दुसरा दिवस आमच्याकडच्या खोऱ्यांत. सर दगड, झाडं, पक्षी समजावून सांगायचे. पण वाडीत गेलं की ते अडायचे. बायका त्यांच्यापुढे बोलत नसत, म्हातारे बोलले तर त्यांची बोली सरांना अर्धीच कळायची. एकदा सुरेशने सांगितलं, "माझी बायको येईल की." तेव्हापासून पूनमला शेजारणीकडे ठेवून मी जायला लागले. सरांना एवढंच ठाऊक होतं की माझं माहेर डोळखांबच्या पुढे कुठेतरी आहे.

ते काम मला आवडायचं. ओढ्यातल्या दगडाखालून चिंबोरी कशी काढायची ते दाखवताना शहरातल्या बायका साडी खोचून पाण्यात उतरायच्या आणि लहान व्हायच्या. एका गावाबाहेर जुनी वीरगळ आहे, वर चंद्रसूर्य कोरलेले आणि खाली लढणारा माणूस. गावातले लोक तिला तेल लावतात. सर तिचं वय सांगायचे, मी तिचा नवस सांगायचे. लोक दोन्ही ऐकून घ्यायचे. कुर्डूची भाजी, नाचणीची भाकरी, गौरीची गाणी. ज्या गोष्टी मी आश्रमशाळेत लपवायला शिकले होते, त्या आता माणसं बसून विचारत होती. दोन हंगाम असे गेले. या दोन्ही हंगामांत मी सरांना आमच्या सोंडेवर कधी नेलं नाही. ते विचारायचे, "त्या समोरच्या सोंडेवर वाट जाते ना?" मी म्हणायचे, "जाते सर, पण तिकडे बघण्यासारखं काय नाही."

मग कारवीचं वर्ष आलं आणि माझं म्हणणं खोटं पडलं. सगळ्या खोऱ्यात कारवी आमच्या सोंडेवर जेवढी दाट तेवढी कुठेच नाही. ती खालच्या रस्त्यावरूनसुद्धा दिसत होती. सर एका गुरुवारी एकटेच जाऊन बघून आले. रविवारी सकाळी जीप सुटल्यावर त्यांनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "आज आपण वरच्या वाडीला जाणार. वाट कारवीतूनच आहे. जेवणही तिथेच ठरवलंय, बुधाजी म्हणून गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे. वाडीत सगळ्यात मोठं अंगण त्यांचंच."

बुधाजी म्हणजे माझे बाबा.

सुरेशने आरशातून माझ्याकडे पाहिलं. किन्हवलीला चहासाठी थांबलो तेव्हा तो मला गाडीच्या पलीकडे घेऊन गेला.

"तू वर नको जाऊ," तो म्हणाला. "पाय मुरगळला म्हणून सांग. माझ्याजवळ गाडीत बस."

"आणि पुढच्या रविवारी?"

"पुढचं पुढं."

"डोंगर फुललाय तोवर सर तिथंच नेणार. दर रविवारी पाय मुरगळंल का माझा?"

तो म्हणाला, "मी येणार नाय वर."

"गाडी सोडून तसंही येता येत नाय तुला," मी म्हणाले. दोघांनाही थोडं हसू आलं. चहा पिऊन आम्ही निघालो.

जीप ओढ्याअलीकडे थांबली आणि आम्ही चढायला लागलो. त्या वाटेने मी शेवटची उतरले होते ती हातात कपड्यांची पिशवी घेऊन. आता माझ्यामागे डझनभर माणसं होती, पाण्याच्या बाटल्या आणि कॅमेरे घेऊन. त्यात माटुंग्याच्या मीनाक्षीबाई होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, तमिळ घरच्या. त्यांना मराठी समजायचं नाही, म्हणून त्यांच्याशी मी हिंदीत बोलायचे. त्यांना प्रत्येक गोष्टीबद्दल विचारायचं असायचं आणि उत्तर नीट ऐकून मगच पुढचं पाऊल टाकायचं असायचं. खालची वाडी मागे पडली आणि कारवी सुरू झाली. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर. तिची पानं खरखरीत असतात, हाताला घासली की ओरखडे उठतात. आत शिरलं की आधी ऐकू येतात त्या मधमाश्या. तो आवाज एका जागी नसतो, सगळीकडून येतो. बोलणारी माणसंही आपोआप बोलायची थांबली.

मला मात्र फुलांकडे बघायला सुचत नव्हतं. माझे पाय वाट ओळखत होते. इथे मुरूम घसरतो, इथे वळण, इथे वाघोबाचा दगड. येणारा-जाणारा त्याच्यावर एक डहाळी टाकतो. मी सवयीने टाकली. मीनाक्षीबाईंनी विचारलं, "ये क्यों?" मी सांगितलं, "बाघ को रामराम." त्यांनीही एक डहाळी टाकली, मग सगळ्यांनीच.

अंगण शेणाने सारवलेलं होतं, अजून ओलसर. बाबा धुतलेली टोपी घालून उभे होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते बारीक झाले होते. त्यांनी सरांना हात जोडले, मग सगळ्यांना मिळून म्हणाले, "या, बसा." त्यांची नजर माझ्यावर आली आणि जशी दुसऱ्यांवरून गेली तशीच माझ्यावरून पुढे गेली.

"ही आमची बाई," सर माझ्याकडे हात करून म्हणाले, "तुमचं बोलणं ती आमच्या लोकांना सांगेल."

"बरं," बाबा म्हणाले.

दोघे भाऊ घरी नव्हते. बाजाराला गेले होते, की मुद्दाम पाठवले होते, मला आजही माहीत नाही. आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. एकेकाला देत देत माझ्यापर्यंत आली. तांब्या माझ्या हातात आला, पण तिने तो सोडला नाही. थोडा वेळ आम्ही दोघींनी तो धरून ठेवला. मग ती आत गेली.

घराच्या भिंती बघून मीनाक्षीबाईंनी पहिला प्रश्न विचारला. मी बाबांना म्हणाले, "बाई विचारतात, भिंत कशाची आहे?"

बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "बाई, सांग त्यांना, कारवीच्या काठ्या हायेत. आतून-बाहेरून शेण-माती. फुलून वाळली का मग तोडायची. जिती तोडली तर लवकर किडते."

मी हिंदीत सांगितलं. पण माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. ते मला बाई म्हणाले होते. आणि परक्या बाईला माणूस 'सांगा' म्हणतो. बाबा 'सांग' म्हणाले होते.

मग प्रश्न सुरू झाले. वाघ येतो का? यायचा, आता बिबट्या येतो, कोंबड्या नेतो. मध काढता का? काढतो, पण यंदाचा मध कडवट लागंल, कारवीचा आसतो तसा. पावसात काय खाता? प्रत्येक उत्तराआधी बाबा म्हणायचे, "सांग त्यांना." मी सांगायचे. हळूहळू त्यांचा आवाज सैल झाला. एकदा तर ते हसले. पाहुणे खूश होते. मीनाक्षीबाईंनी मला विचारलं, "इनके बच्चे कितने हैं?"

हा प्रश्न आम्ही प्रत्येक वाडीत ऐकायचो. शहरातली माणसं ओळख वाढली की तो विचारतातच. मी बाबांना म्हणाले, "बाई विचारतात, तुम्हाला मुलं किती?" बाबांना मी जन्मात कधी 'तुम्हाला' म्हटलं नव्हतं.

बाबांनी अंगणातली एक काडी उचलली. "सांग त्यांना, तीन. दोन ल्योक, एक लेक."

मी सांगितलं.

"बेटी कहाँ रहती है?"

"लेक कुठे असते?"

"शहापूरला. शिकलेली हाय. आमच्या वाडीत तेवढं कोन शिकलं नाय. तिनं तिच्या मनानं लगीन केलं. आमी रागावलो."

मी हिंदीत सांगितलं, "अपनी मर्ज़ी से शादी की. ये लोग नाराज़ हुए."

"नाराज नाय," बाबा लगेच म्हणाले. तरुणपणी त्यांनी भिवंडीला काम केलं होतं, त्यांना हिंदी चांगलं समजायचं. मी ते विसरले होते. "नाराज आन गुस्सा येगळं. गुस्सा सांग."

"गुस्सा हुए," मी म्हणाले.

मीनाक्षीबाईंनी मान हलवली. त्यांना स्वतःच्या घरातलं काही आठवलं असावं, कारण त्यांचा आवाज खाली आला. "अब भी गुस्सा हैं क्या?"

सगळे ऐकत होते. सरांना हा प्रश्न थोडा जास्तच वाटला, ते चुळबुळले. हा प्रश्न बाबांना मराठीत सांगायची गरज नव्हती, त्यांना तो कळला होता. तरी मी सांगितला, कारण ते माझं काम होतं आणि मलाही उत्तर हवं होतं. "बाई विचारतात, अजून राग आहे का?"

बाबांनी काडी मोडली. दाराकडे बघून म्हणाले, "सांग त्यांना, भात झालाय. निवंल. आधी जेवा."

पळसाच्या पत्रावळ्या मांडल्या. भात, वालाचं बिरडं, काकडीची कोशिंबीर, आणि नाचणीची भाकरी. मी वाढायला आत गेले. आईने चुलीपाशीच माझा हात धरला.

"तू येनार ते ठाव होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "तुज्या बाबानं सरांना आधी इचारलं, संगं कोन बाई असती. नाव आयकलं आन मग हो म्हनाला. नायतर तो कुनाला घरात घेतो व्हय?"

"मग बाहेर असं का बोलतोय?"

"वाडी बघती ना गो." मग तिने विचारलं, "पोरीचं नाव काय ठेवलंस?"

"पूनम."

"पुनम," ती म्हणाली. मग आणखी एकदा म्हणून बघितलं. "पुनम. कोनासारखी हाय?"

"रंगाने बापासारखी. हट्टी बाबांसारखी."

आईने भाताचं पातेलं माझ्या हातात दिलं आणि पदराने तोंड पुसलं. बाहेर पाहुणे वाट बघत होते.

जेवणं झाली. ढग यायला लागले होते म्हणून सर घाई करत होते. लोक चपला शोधत असताना बाबा उठून आत गेले आणि आले ते हातात पानांत बांधलेलं पुडकं घेऊन. ते सरांच्या समोर, सगळ्यांच्या समोर, माझ्यापुढे धरलं.

"गाडीवाला खाली हाय ना? उपाशी आसंल. त्याला ने."

मी पुडकं घेतलं. ते गरम होतं. सर म्हणाले, "अरे हो, बुधाजी, माझ्या लक्षातच नाही राहिलं." बाबा त्यांना म्हणाले, "आमच्यात गाडीवाल्याला इसरत नाय."

उतरताना पावसाचे थेंब पडायला लागले. मी सगळ्यांच्या पुढे होते. सुरेश जीपच्या मागच्या बाजूला ताडपत्री ओढून बसला होता. मी पुडकं त्याच्या हातात दिलं. त्याने उघडलं, बघितलं. भाकरी, बिरडं, वर काकडीच्या दोन फोडी.

"कोणी दिलं?"

"बाबांनी."

"माझ्यासाठी म्हणून?"

"गाडीवाल्यासाठी म्हणाले."

मला वाटलं, तो खाणार नाही. खाल्लं नसतं तरी मी त्याला काही म्हटलं नसतं. वाडीने त्याच्या आईला एकदा बाजारात तोंडावर जे सुनावलं होतं ते मला माहीत होतं. मग त्याने भाकरीचा तुकडा मोडला. माणसं गाडीत चढत होती, पाऊस ताडपत्रीवर वाजत होता, तो शेवटचं शीत संपेपर्यंत जेवला. "तुझ्या आईच्या हाताला चव आहे," एवढंच म्हणाला आणि गाडी सुरू केली.

त्या हंगामात फुलं टिकली तोवर आम्ही दर रविवारी वर गेलो. वाडीत कुजबुज झाली. बाकीचे पंच बाबांकडे आले, म्हणाले, "तुजी लेक घरात येती." बाबांनी सांगितलं, "माज्याकडं पाव्हणे येतात. पाव्हण्यांसंगं बाई आसती." आई मला हे सांगताना तोंडाला पदर लावून हसत होती. पाहुण्यांचं येणं वाडीलाही हवं होतं, बायकांच्या काकड्या आणि मध खपत होता, त्यामुळे पंचांनी फार ताणलं नाही.

बाबा आणि मी बोललो ते सगळं पाहुण्यांच्या समोर, कारवीच्या भिंतीला टेकून. "सांग त्यांना, मागच्या साली म्हातारी लय आजारी व्हती." "सांग त्यांना, थोरल्याला पोरगा झाला." मी सांगायचे, "पाहुणे विचारतात, नात आता बोलायला लागली, ती आज्याला काय हाक मारेल?" हे कुठल्या पाहुण्यांनी विचारलं होतं? कोणीच नाही. एका रविवारी सगळा ग्रुप डोंबिवलीचा होता, सगळे मराठी. तरी बाबा म्हणाले, "सांग त्यांना," आणि मी त्यांचं बोलणं मराठीतून मराठीत सांगितलं. लोकांना वाटलं, तशीच पद्धत असेल. एक काका तर नंतर मला म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं."

आज मी त्या दिवसांचा विचार करते तेव्हा वाटतं, आम्हा दोघांनाही ते सोयीचं होतं. तोंडातोंडी बोलायला लागलो असतो तर भांडलो असतो. मध्ये तिसरं माणूस असलं की आवाज चढवता येत नाही, आणि सांगायचं ते नीट, समजेल असं सांगावं लागतं. सरांच्या सहलींना लोक कशासाठी येत होते ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी मात्र दर रविवारी माहेरी जात होते आणि त्याची मजुरीही घेत होते.

सर आता थकले, गुडघे गेले, सहली बंद पडल्या. माळशेजच्या बाजूला मोठ्या बस येतात, रिसॉर्टच्या पाट्या लागल्यात, गाइड मुलं टोप्या घालून फिरतात. चांगलं बोलतात. कधी कधी एसटीत त्यांचं बोलणं कानावर पडतं.

पण त्या वर्षाचं सांगायचं राहिलंय. आश्विन संपता संपता कारवी वाळली, सोंड तपकिरी झाली. सरांनी त्या बाजूच्या सहली थांबवल्या. कापणी सुरू झाली. दिवाळीच्या सुट्टीत बालवाडी बंद होती. एका सकाळी मी पूनमला कडेवर घेतलं आणि डोळखांबची एसटी धरली. कारण काहीच नव्हतं. पाहुणे नव्हते, सर नव्हते. सुरेशला रात्री सांगितलं होतं, तो म्हणाला, "जा. पण परत पाठवलं तर रडत येऊ नको."

बाबा घरी नव्हते, शेतावर होते. आईने पूनमला माझ्याकडून घेतलं ते घेतलंच. मी एकटी शेतावर गेले. अर्धं खाचर कापून झालं होतं, भारे बांधावर लावलेले. थोरला भाऊ लांब दुसऱ्या टोकाला कापत होता. त्याने मला पाहिलं, विळा थांबवला, मग पुन्हा कापायला लागला. शेजारच्या शेतात पंचांपैकी एकाची माणसं होती. तीही बघत होती. मी बांधावर पडलेला एक विळा उचलला आणि बाबांच्या बाजूला वाकले. किती वर्षांनी भात कापत होते. पहिल्याच मुठीला बोट कापता कापता वाचलं.

आम्ही एक ओळ पुढे सरकलो. बाबांनी कंबर सरळ केली, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांग त्यांना..."

आणि थांबले. आजूबाजूला पाहिलं. सांगायला कोणी नव्हतं. मी पण सरळ उभी राहिले.

"नाय," ते म्हणाले. "तुलाच सांगतोय."

"सांग," मी म्हणाले.

"भाताच्या झोडणीला माणूस कमी हाय. धाकटा भट्टीवर मुकादमाकडं गेला, तो यायचा नाय. रविवारी खळ्यावर घेनार. सुरेशला सुट्टी आसती का?"

त्याचं नाव मी त्यांच्या तोंडून तोवर ऐकलं नव्हतं. शेजारच्या शेतातली माणसं अजून बघत होती. मी हळूच विचारलं, "बाबा, वाडीला काय सांगशील?"

"काय सांगायचं? झोडणीला माणूस लागतो. येवडंच." त्यांनी पुढची मूठ धरली. "पोरीला घेऊन आलीस का?"

"आयजवळ आहे."

"मग ही ओळ संपली का जाऊ घरी."

संध्याकाळी शहापूरला परतले आणि सुरेशला सांगितलं. तो जेवत होता. त्याने हात धुतले आणि शर्ट घालून बाहेर पडला. मी पूनमला घेऊन त्याच्यामागे गेले. एसटी स्टँडसमोरच्या टेलिफोन बूथवरून त्याने पाटणकर सरांना फोन लावला. रविवारी मुलुंडचा एक ग्रुप येणार होता, गाडी सुरेशचीच ठरलेली होती.

"सर," तो म्हणाला, "रविवारी दुसरा ड्रायव्हर बघा. मला सुट्टी पाहिजे."

पलीकडून सरांनी काहीतरी विचारलं. सुरेशने एकदा माझ्याकडे बघितलं.

"नाय सर, आजारी नाय," तो म्हणाला. "सासुरवाडीला झोडणी आहे."